चिखल्या

आमच्या येवल्यात ‘पूरपाणी’ हा शब्द भीतीचा नाही, मागणीचा आहे. पावसाळ्यात नाशिककडची धरणं भरली की तालुक्यातले लोक निवेदन घेऊन कचेरीवर जातात, प्रसंगी रस्त्यावर बसतात. मागणी एकच : पालखेडच्या डाव्या कालव्याला पूरपाणी सोडा, बंधारे भरून द्या. त्याच दिवशी निफाड तालुक्यात, चांदोरी-सायखेड्याला, गोदावरी लोकांच्या चुलीपर्यंत आलेली असते. एकाच जिल्ह्यात एक गाव पाणी ओसरायची वाट बघतं आणि दुसरं पाणी यायची. आमचा वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आगेमागे. तोही आला तर.

अशा गावात जन्मलेल्या बाईनं पुराच्या रोगांवर लिहावं याचं माझ्या वहिनीला हसू येतं. मी छत्तीस वर्षं मुंबईत महापालिकेच्या एका रुग्णालयात नर्स होते, शेवटची दहा-बारा वर्षं मेडिसिनच्या पुरुष वॉर्डाची सिस्टर इनचार्ज. २०१३ साली निवृत्त होऊन परत येवल्यात आले. पूर मी मुंबईत पाहिला हे खरंच, पण पाण्याचा आजार पहिल्यांदा पाहिला तो इथे, आजीच्या घोट्यावर.

आजीच्या उजव्या घोट्याच्या आत एक पांढरट, आकसलेला व्रण होता. तो नारूचा. आजच्या मुलांना नारू सांगावा लागतो. पिण्याच्या पाण्यातल्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या किड्यांतून त्याचं पिल्लू पोटात जातं, आणि वर्षभरानं हात-दीड हात लांबीचा, शेवयासारखा जंत बहुतेक वेळा पायातूनच बाहेर यायला लागतो. आधी फोड येतो, आग होते, माणूस पाय पाण्यात घालतो. पाय पाण्यात पडला की नारू आपली हजारो पिल्लं त्या पाण्यात सोडतो. पायऱ्यांची बारव असेल तर आणखी सोयीचं : घोटाभर पाण्यात उतरून घागर भरायची आणि त्याच घागरीतलं प्यायचं. आजी सांगायची, जंत ओढायचा नाही, तुटला तर पाय सडतो. बारीक काडीवर रोज बोटभर गुंडाळायचा, काडी फडक्यानं बांधून ठेवायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा एक फेर. तिचा नारू तिच्या सासूनं काढला. सासू रहाटावर कांड्या भरणारी बाई, तिच्या हाताला रेशमाचा तुटका तार कळायचा. वीस दिवस लागले, पण तुटू दिला नाही म्हणे.

नारू हा टंचाईचा रोग. वाहत्या, भरपूर पाण्याच्या गावाला तो फारसा होत नाही. जिथे सगळं गाव एका बारवेवर जगतं तिथे होतो. म्हणून महाराष्ट्रातल्या कोरड्या तालुक्यांत तो मुरलेला होता. १९८०च्या दशकात देशभर मोहीम निघाली, पायऱ्यांच्या विहिरी बंद झाल्या, हातपंप आले, पाण्यात औषध टाकलं गेलं, दुपदरी फडक्यानं पाणी गाळायला शिकवलं. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली देश नारूमुक्त ठरला. लस नाही, गोळी नाही, नुसतं फडकं आणि शिस्त. देवी गेल्याचा गाजावाजा झाला, नारू गेल्याचा कुणी पेढाही वाटला नाही. आमच्या धंद्यात याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट वडिलांच्या पायाची. आमचं घर विणकरांचं. येवल्याचा जुना माग खड्ड्याचा : जमिनीत खड्डा, विणकर कडेवर बसणार, पाय खड्ड्यात सोडून पावड्या दाबणार. पैठणीचा पदर बघणाऱ्याला वरचा अर्धाच माणूस दिसतो. खालचा अर्धा आठ-दहा तास ओल्या मातीच्या गारव्यात असतो. दुष्काळी गाव असलं तरी पाऊस पडतो तेव्हा एका रात्रीत पडतो, आणि मग खड्ड्याला पाझर फुटतो. वडील डब्यानं पाणी उपसायचे, गोणपाट टाकायचे आणि बसायचे. पोळ्यापर्यंत त्यांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या असायच्या. पांढरी, फुगलेली, सोललेली कातडी. आई रात्री हळद-तेल लावायची. चिखल्या हा काही आजार आहे असं आमच्या घरात कुणी मानत नव्हतं. पावसाळ्यात जसं छप्पर गळतं, तशा चिखल्या होतात.

या दोन पायांचा मला पुढे उपयोग झाला.

येवल्याच्या साथींच्या इतिहासात पुराला जागा नाही, आगगाडीला आहे. १८७८ साली दौंड-मनमाड मार्ग झाला आणि येवला त्यावर आलं. मालाबरोबर पटकीही गाडीनं हिंडू लागली. जुन्या बाया तिला ‘वाखा’ म्हणायच्या आणि मरीआईचा गाडा वेशीबाहेर लोटून यायच्या. शेजारच्या गावानं तो आणखी पुढे लोटायचा. १८९६च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळ गोव्याच्या डॉक्टरनं प्लेग ओळखला, आणि पुढच्या काही वर्षांत दख्खनच्या गावागावांत लोक घरं सोडून मळ्यात झोपड्या घालून राहायला लागले. उंदीर पडला की गाव सोडायचं, एवढं लोकांना कळत होतं. शास्त्राला उंदीर, पिसू आणि माणूस हा धागा लावायला त्यानंतर काही वर्षं गेली. उंदराचं हे प्रकरण लक्षात ठेवावं, ते पुन्हा येणार आहे.

मी मुंबईत गेले ती १९७७ साली. तिथे पाणी तुंबणं हा दरसालचा सोहळा. पहिल्या पावसाळ्यात एक जुन्या मेट्रन आम्हा नव्या पोरींना सांगत होत्या : १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं तेव्हा त्या पुण्यात शिकत होत्या. लोकांना वाटतं पुरानंतर पाणी फार असतं. पानशेतच्या मागोमाग खडकवासला फुटलं, आणि पूर ओसरल्यावर पुण्याच्या नळाला पाणीच नव्हतं. विहिरी गाळानं भरलेल्या. मेट्रनबाईंच्या वर्गातल्या पोरींनी दिवसचे दिवस पटकी-विषमज्वराच्या लशी टोचल्या, सुया उकळायला पाणी टँकरनं आणून. ‘पूर म्हणजे पाण्याचा दुष्काळ,’ असं त्या म्हणत. मी येवल्याची, मला ते लगेच पटलं. दोन्हीकडे माणूस मिळेल ते पाणी पितो.

मधल्या काळात १९९४ येऊन गेलं. आधी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यात मामला गावी गाठीचा प्लेग. मग सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरत. तिथे त्या पावसाळ्यात तापीकाठच्या सखल वस्त्यांत पाणी भरून राहिलं होतं, मेलेली जनावरं, कुजका कचरा. पन्नासच्या वर माणसं गेली आणि लाखो लोक शहर सोडून पळाले. त्यांत आपल्या खानदेशातली कामगार माणसं किती! मुंबईत टेट्रासायक्लिन औषधाच्या दुकानांतून दोन दिवसांत गायब झालं. आमच्या वॉर्डात साधा खोकला असलेला माणूससुद्धा ‘मी सुरतेचा नाही’ असं आधी सांगायचा.

आणि मग २००५.

२६ जुलै, मंगळवार. सांताक्रूझच्या वेधशाळेनं चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला. कुलाब्याला त्याच दिवशी पाव फूटही नाही, ७३ मिलिमीटर. येवल्याला जवळजवळ दोन वर्षांत पडावा तेवढा पाऊस एका उपनगरानं एका दिवसात झेलला. माझी सकाळची ड्युटी होती, अडीचला सुटायची. दुपारची सिस्टर आलीच नाही. रात्रीची येणार कुठून? मी तिसऱ्या दिवशी घरी गेले.

आमचा वॉर्ड तळमजल्यावर. चारच्या सुमारास संडासाच्या जाळ्यांतून पाणी उलटं वर यायला लागलं. आधी बाहेरचं पाणी आत आलं नाही, आतलंच वर आलं. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुराचं पाणी म्हणजे नदीचं पाणी असं लोकांच्या डोक्यात असतं. शहरात पुराचं पाणी म्हणजे गटार, गोठा, उंदराचं बीळ आणि पाऊस यांचं सार. वीज गेली. तासाभरात पाणी घोट्याच्या वर आलं. रुग्ण वर हलवायचे ठरलं. स्ट्रेचर मोजकी, वॉर्डबॉय दोन. ऑक्सिजनवरचे आणि बेशुद्ध आधी, बाकीचे नंतर.

खाट क्रमांक चौदावर मस्जिद बंदराकडचा एक हमाल होता, पन्नाशीचा, मूळचा आमच्याच बाजूचा, नांदगाव तालुक्यातला. मधुमेह, डाव्या पायाच्या अंगठ्याला जखम. १९ जुलैला भरती झालेला. मी त्याला म्हटलं, ‘दादा, चालता येतं ना? मग धरा भिंत आणि चला.’ तो चालला. वॉर्डाच्या या टोकापासून जिन्यापर्यंत, पायाचं ड्रेसिंग त्या पाण्यात भिजवत. वर गेल्यावर एका खाटेवर दोघं दोघं, मध्ये जमिनीवर गाद्या. त्याचं ड्रेसिंग रात्री अकराला बदललं. मीच बदललं. त्याच्या दुसऱ्या पायाला चिखल्या होत्या. मी म्हटलं, ‘अहो, या कुठून काढल्यात?’ तो म्हणाला, ‘गोदीत पावसाळ्यात कोरडा पाय कुणाचा असतो, सिस्टर?’

पहिल्या आठवड्यात जुलाब-उलट्यांचे रुग्ण आले, काचा-पत्र्यांनी कापलेले आले. त्यांना आम्ही सरावलेलो. वर्तमानपत्रांत मेलेल्या म्हशींची चर्चा होती. उपनगरातल्या गोठ्यांत जनावरं बांधल्या जागी बुडाली होती, वासानं जीव नकोसा होत होता. लोकांना वाटायचं साथ त्या मढ्यांतून येणार. पूर, भूकंप, त्सुनामी, सगळीकडे हाच समज. मेलेल्यांपासून साथ क्वचितच येते. ती जिवंतांच्या विष्ठेतून, जिवंत उंदरांच्या मुतातून, जिवंत डासांच्या सोंडेतून येते. पण दुर्गंधीची भीती वाटते तशी न दिसणाऱ्या मुताची वाटत नाही.

गटारी अमावास्येच्या सुमाराला, म्हणजे पुरानंतर नऊ-दहा दिवसांनी, तापाचे रुग्ण रांगेनं यायला लागले. तरणी, धडधाकट माणसं. बरीचशी त्या रात्री पाण्यातून मैलोन् मैल चालत घरी गेलेली. थंडी वाजून ताप, डोळे लाल पण चिपडं नाहीत, आणि पोटऱ्या अशा दुखऱ्या की चादर ओढली तरी ओरडायचे. दोन-तीन दिवसांत काहींचे डोळे पिवळे, लघवी कमी. काहींच्या थुंकीत रक्त. प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ मला नळ्या दाखवायचा. रक्त फिरवून वर जे पाणी राहतं ते फिकं, पेंढ्याच्या रंगाचं असायला हवं. या नळ्यांत ते गडद हळदी होतं. आमच्याकडे पैठणीच्या रेशमाला असा रंग चढवायला रंगारी मुद्दाम दोनदा बुडवतो.

लेप्टोस्पायरोसिस. लोकांच्या तोंडी ‘लेप्टो’. मळसूत्रासारखा पीळदार जंतू, उंदीर-घुशींच्या आणि गुरांच्या मूत्रपिंडात सुखानं राहणारा, मुतावाटे ओल्या जमिनीत पडणारा. माणसाच्या अखंड कातडीतून त्याला सहसा शिरता येत नाही. त्याला दार लागतं : खरचटलेलं, फुगलेलं, सोललेलं. म्हणजे चिखल्या.

रोग नवा नव्हता. हायडेलबर्गच्या अ‍ॅडॉल्फ वाइलनं १८८६ साली कावीळ आणि मूत्रपिंडाचा बिघाड एकत्र आणणाऱ्या या तापाचं वर्णन केलं. जंतू सापडला १९१५च्या आसपास जपानात, इनाडा आणि इडो या डॉक्टरांना, क्यूशू बेटावरच्या ओल्या कोळसाखाणींत काम करणाऱ्या मजुरांमध्ये. जपानी शेतकऱ्यांनी त्याच्या आधीच या घराण्यातल्या एका तापाला नाव देऊन ठेवलं होतं : नानुकायामी, सात दिवसांचा ताप. आपल्याकडे १९३१ साली अंदमानातल्या लेप्टोवर टेलर आणि गोयल यांचा मोठा अहवाल निघाला. पुढे त्याच बेटांवर १९८०च्या अखेरीस पावसाळ्यानंतर रक्तस्रावाचा एक गूढ ताप पसरला, त्याला ‘अंदमानचा रक्तस्रावी ताप’ असं वेगळं नावही पडलं. नीट तपासलं तेव्हा तो लेप्टोच निघाला. रोग समोर असताना आपण त्याला दुसऱ्याच नावानं हाक मारत होतो. मुंबईतही तेच. २००० सालच्या जुलैतल्या पाण्यानंतर शीवच्या महापालिका रुग्णालयात तापानं आलेल्या ५३ मुलांची तपासणी झाली, त्यांतल्या १८ मुलांना लेप्टो निघाला. त्याआधी अशी किती मुलं ‘व्हायरल’ म्हणून घरी गेली असतील! मीही त्यांना पॅरासिटामॉल देऊन पाठवलं असेल.

२००५च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोच्या खात्रीच्या रुग्णांचं प्रमाण आधीच्या वर्षांच्या आठपट झाल्याचं एका अभ्यासात नोंदवलंय. आम्ही ते आकडे नंतर वाचले. तेव्हा फक्त खाटा मोजत होतो.

चौदा नंबरला ताप आला तो पाच ऑगस्टला. सर्जरीचे डॉक्टर म्हणाले जखम चिघळली, औषध बदला. त्यात चूक काही नव्हती, मधुमेही माणसाचा पाय, ताप येणारच. दुसऱ्या दिवशी मी त्याला कूस बदलायला सांगितलं, तर पोटरीला हात लागताच तो कळवळला. उजव्या पोटरीला. जखम डाव्या पायाला. मी डोळ्यांची पापणी ओढून पाहिली. मग नळी पाठवली, हळदी. रक्ततपासणीत लेप्टो. पेनिसिलिन सुरू झालं, पण तोवर मूत्रपिंडं बसली होती. दोनदा डायलिसिस झालं. त्यालाही पाणी लागतं : एका वेळेला शंभर-सव्वाशे लीटर, तेही शुद्ध. पुरानंतरच्या दिवसांत ते जमवताना तंत्रज्ञांच्या नाकी नऊ आले. माणूस वाचला. अंगठा गेला. गणपतीच्या आधी घरी गेला. जाताना माझ्या पाया पडायला वाकला, मी दोन पावलं मागे सरले.

त्या महिनाअखेरीला मी रजिस्टर घेऊन बसले. पुरातल्या रुग्णांची यादी वर पाठवायची होती. नियम साधा : २६ जुलैनंतर भरती झालेले, ताप-जुलाब-कावीळ. चौदा नंबर त्या यादीत बसत नव्हता. त्याची भरती १९ जुलैची, निदान मधुमेह आणि पायाची जखम. पुरानं त्याला रुग्णालयाच्या आत, खाटेवर, आमच्या ताब्यात असताना गाठलं होतं, आणि कागदावर तो पूरग्रस्त नव्हताच. मी त्याचं नाव शेवटी लिहिलं. वरून यादी परत आली, नाव खोडून. ज्यांनी खोडलं त्यांचंही चुकलं नाही, नियमच तसा.

तेव्हापासून मी पुराला दोन तारखा लावते. एक नदीची, ती बातमीत येते. दुसरी रजिस्टरची. पटकी आणि जुलाब पहिल्या चार-पाच दिवसांत. लेप्टो दुसऱ्या आठवड्यात. डेंग्यूच्या डासाची अंडी साचल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत उडती होतात, मग तो आधी कुणा रुग्णाला चावणार, मग दुसऱ्याला, म्हणजे महिना गेला. पाण्यातून येणारी कावीळ सर्वांत शिस्तीची, चार ते सहा आठवडे. २००५ साली नळाला मिसळलेलं गटाराचं पाणी जुलैत प्यायलेले लोक गणपतीत पिवळे होऊन आले. तोवर पुराची मदत वाटून झाली होती, शिबिरं उठली होती, जादा डॉक्टर परत गेले होते. ‘पूर संपला’ हे जाहीर करणाऱ्याकडे पंचांग एकाच तारखेचं असतं.

रुग्णालयात आधीच असलेल्या माणसाचा हिशेब तर याहून अवघड. एका खाटेवर दोघं झोपवले की एकाचा जुलाब दुसऱ्याला. उपकरणं उकळण्याची खोली बहुतेक ठिकाणी तळमजल्याला, जनरेटरही तिथेच, आणि पाणी पहिलं तिथेच शिरतं. हात धुवायला पाणी नाही, म्हणजे आम्हीच जंतू वाहून नेणारे. मच्छरदाण्या कपाटात भिजलेल्या. पुढे भिंतींना बुरशी धरते. निरोगी माणसाला तिनं शिंक येते, पण कॅन्सरच्या औषधांवर असलेल्याला किंवा मूत्रपिंड बदललेल्याला ती फुप्फुसात धरू शकते. २०१७ साली अमेरिकेत ह्यूस्टनला हार्वे वादळाचा पूर आला. त्यानंतरच्या वर्षात तिथल्या प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णांमध्ये असे बुरशीचे खोल संसर्ग वाढलेले आढळले. वर्षभर! आपल्याकडे २०२१ साली काळ्या बुरशीनं ती काय करते ते घराघराला दाखवलंच. त्याच वर्षी २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. तिथल्या एका कोविड रुग्णालयात पाणी आलं, वीज गेली आणि आठ रुग्ण दगावले. मी टीव्हीसमोर बसून होते. मला पाणी दिसत नव्हतं, मला जिना दिसत होता.

औषधाचं सांगायला हवं, कारण ते स्वस्त आहे. डॉक्सिसायक्लिन. १९८२ साली पनामाच्या जंगलात सरावाला गेलेल्या अमेरिकी सैनिकांना आठवड्याला २०० मिलिग्रॅम देऊन पाहिलं आणि ते लेप्टोपासून वाचले, तिथून हा पायंडा पडला. आता मुंबईत पाणी तुंबलं की महापालिका सांगतेच : पाण्यातून चालला असाल तर बहात्तर तासांच्या आत डॉक्टरांना विचारून गोळी घ्या. उपाशीपोटी घेतली तर मळमळतं, म्हणून लोक फेकून देतात. गरोदर बाईला आणि लहान मुलांना ती देत नाहीत. आणि खरी अडचण निराळीच. बहात्तर तासांत माणूस ठणठणीत असतो. घरातला चिखल काढत असतो. त्याला रोगाची गोळी द्यायची तर आधी दुसरी तारीख पटवून द्यावी लागते.

माझी धाकटी बहीण चांदोरीला दिली आहे. ४ ऑगस्ट २०१९, रविवार, नागपंचमीची आदली रात्र. नाशिकला गोदावरी पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या डोक्यावरून गेली होती. तिकडे मारुती किती बुडाला यावर खालच्या गावांची झोप ठरते. गंगापूर, दारणा, कादवा, सगळ्यांचं पाणी खाली नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्याशी जमतं. तो बंधारा इंग्रजांच्या काळातला, गाळानं भरत आलेला. पक्ष्यांना तो गाळ मानवला, २०२०मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर पाणथळ स्थळ म्हणून जाहीर झालं. पण पाण्याचा फुगवटा मागे चांदोरी-सायखेड्याच्या घरांत येतो. बहिणीचं घर छातीभर पाण्यात. १९६९चा आणि २००८चा पूर तिच्या सासूबाई बोटांवर सांगायच्या, कुठल्या साली पाणी कुठल्या कोनाड्याला लागलं ते.

मी डॉक्टरांना विचारून गोळ्या घेतल्या, गमबूट घेतले आणि पाणी उतरल्यावर गेले. गल्लीतले सगळे अनवाणी चिखल उपसत होते. गमबुटांना सगळे हसले. मी एकेकाचे पाय बघत होते. मेहुणे म्हणाले, ‘ताई, काही हरवलंय का तुमचं?’ बहिणीनं मात्र गोळी घेतली, मला घाबरून. नवव्या दिवशी मी येवल्याहून फोन केला. तिनं विचारलं, आज कसा काय? मी म्हटलं, पोटऱ्या दुखतात का? ती म्हणाली, ‘कमर दुखतीये. पोटऱ्यांना विचारायला वेळ नाही.’ गल्लीतल्या एका तरण्या मुलाला मात्र ताप होता. मी त्याच्या आईला फोनवर घेतलं आणि त्याच संध्याकाळी त्याला नाशिकला हलवायला लावलं. भरती करताना ‘पुराच्या पाण्यात होता’ हे पहिलं वाक्य सांगा, असं तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. मुलगा आठ दिवसांनी घरी आला.

त्या आठवड्यात येवल्यात पालखेडच्या पूरपाण्याची मागणी चालूच होती. इथल्या माणसाला मी काय सांगणार, की पाणी मागू नका? आमच्या ओढ्यांना पाणी आलं की बाया ओटी भरतात.

गेल्या पावसाळ्यात येवल्यावर एका रात्रीत जोरदार पडला. सकाळी दादाच्या मागाचा खड्डा गुडघाभर भरलेला. घरात आता दोन माग लोखंडी चौकटीवरचे आहेत, पण दादा वडिलांच्याच खड्ड्याच्या मागावर बसतो. तो डब्यानं पाणी उपसत होता. खड्ड्यातून एक मेलेली घूस निघाली, ती त्यानं कागदात धरून उकिरड्यावर टाकली आणि बसायला पाय सोडले.

‘थांब,’ मी म्हटलं. ‘पाय दाखव.’

सत्तरीचा माणूस, पण दाखवले. बेचक्या पांढऱ्या.

‘बाबांनाही व्हायच्या,’ तो म्हणाला.

मी त्याला पाय साबणानं धुवायला लावले, पुसून कोरडे केले, आणि डॉक्टरकडे नेलं. त्या दिवशी माग बंद ठेवला. त्यावरून तो संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलला नाही, गिऱ्हाईकाची पैठणी चार दिवसांवर होती. रात्री मी भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये त्या तारखेला एक गोल केला आणि दहा दिवस पुढे दुसरा.

वहिनी दूध झाकायला आली, तिनं पाहिलं आणि विचारलं, ‘हे कुणाचं श्राद्ध?’